पूर्वेकडचा समुद्र

शरदिनीबाई गुडघाभर पाण्यात ओंजळ धरून उभ्या होत्या आणि सूर्य काही उगवत नव्हता.

उजाडलं तर केव्हाच होतं. समुद्र निळा झाला, लांबची एक होडी दिसायला लागली, पण समोर जिथे पाणी संपतं तिथे लाल ठिपकासुद्धा नाही. ओंजळीतलं पाणी गळून गेलं, त्यांनी पुन्हा भरून घेतलं. इथे आल्यापासून अर्घ्य खोलीतच उरकलं होतं, समुद्रात उतरल्या त्या आज पहिल्यांदाच. पायाखाली सगळे गोटे, तेही शेवाळलेले. एक पाय सावरावा तर दुसरा घसरे. शेवटी मानेला ऊन लागलं म्हणून त्या वळल्या. सूर्य पाठीमागे होता. हॉटेलमागच्या डोंगरावर चांगला हातभर चढून बसलेला.

"हे काय भलतंच," शरदिनीबाई म्हणाल्या.

आता यात त्यांचं तरी काय चुकलं? जन्म ब्रह्माघाटावरचा, सासर तिथून दोन गल्ल्या पलीकडे. काशीचे सगळे घाट एकाच काठाला आणि सगळ्यांची तोंडं पूर्वेला. पायऱ्या उतरायच्या, डुबकी मारायची, डोळे उघडले की समोर उस पारच्या वाळूवर सूर्य. रेल्वेच्या तिकीट खिडकीवर नोकरी होती तेव्हाही हा नेम त्यांनी मोडला नाही आणि रिटायर झाल्यावर तर प्रश्नच नव्हता. पाणी म्हटलं की सूर्य त्याच्या पलीकडून येणार. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, आणि यात शिकवण्यासारखं काही असेल असं त्यांच्या मनातही कधी आलं नव्हतं.

त्या खोलीवर आल्या तेव्हा मंडळी नाश्त्याला बसली होती. मुलगा विश्वेश्वर फोनमध्ये डोकं घालून, सून लतिका तीन वर्षांच्या मोहनच्या तोंडात घास कोंबत, आणि सहा वर्षांची बकुळ बूट-मोजे चढवून. समुद्रावर सुट्टीला आलेली मुलगी, आणि पायात बूट.

विश्वेश्वर इकडे परदेशात, बोलोन्या शहरात नोकरीला. वर्षातून एकदा, ऑगस्टात, सगळा देशच सुट्टीवर जातो तसे हेही निघाले होते. यंदा आईला काशीहून मुद्दाम बोलावून घेतलं होतं. बकुळने तर महिनाभर आधीपासून घर डोक्यावर घेतलं होतं, मी समुद्रात पोहणार, मी समुद्रात पोहणार. आणि पहिल्याच दिवशी गोट्यावरून पाय घसरला. खालची जमीन एकदम खोल गेली, पोरगी नाकातोंडात पाणी जाऊन बाहेर आली. तेव्हापासून पाण्याचं नाव काढलं की आईच्या मागे. दुसऱ्या दिवशी विश्वेश्वरने दुसरा किनारा शोधला, तिथे छत्र्यांच्या रांगांत पाऊल ठेवायला जागा नव्हती. तिसरा शोधला, तिथे खडकच खडक. आता दोन दिवस उरले होते. भीती घेऊन पोर घरी गेली तर ती जन्मभर तिच्या अंगात राहील, हे शरदिनीबाईंना पक्कं ठाऊक होतं. घाटावर अशी माणसं त्यांनी पाहिली होती. म्हातारी झाली तरी लोट्यानेच अंघोळ करायची.

"विशू, हा किनारा उलटा आहे," त्या म्हणाल्या.

"किनारा उलटा कसा असेल, आई? लहान मुलांसाठी बेस्ट म्हणून पहिल्या नंबरावर आहे इथे. शेकडो लोकांनी लिहिलंय."

"लिहिणाऱ्यांना त्या गोट्यांवरून चालव एकदा. सूर्य पाठीमागून उगवतो इथे. असल्या पाण्यात मुलांना घालू नये."

"सूर्याचा आणि गोट्यांचा काय संबंध?"

"तो तू शोध. इंजिनियर तू आहेस. मला पूर्वेकडचं पाणी पाहिजे."

लतिका हसू दाबत म्हणाली, "आई, मग देशाच्या पार त्या बाजूला जावं लागेल. चार तास गाडीत बसाल?"

"काशीहून इथवर आले ती काय रिक्शाने आले?"

"आई, जिद करू नकोस," विश्वेश्वर म्हणाला. "तिथे काही बुक नाही, काही माहिती नाही. जाण्यात एक दिवस फुकट जाईल."

"आणि इथे राहून काय करणार आहेस? बकुळ बूट काढायला तयार नाही."

बकुळने दुधातून डोकं वर काढलं. "मी नाही जाणार पाण्यात. कुठल्याच."

विश्वेश्वर लेकीकडे बघत राहिला. मग त्याने फोन उपडा ठेवला आणि बॅगा भरायला उठला.

गाडी निघाली तशी शरदिनीबाईंनी काशीला आनंदीबाईंना फोन लावला. या त्यांच्या घाटावरच्या मैत्रीण. फोनवर चेहरा दिसला, मागे पाणीच पाणी.

"गंगा चढलीय, शरदिनीताई. आपल्या पायऱ्या गेल्या, शिंदे घाटाचं वाकडं देऊळ अर्धं बुडालं. तुमचं कसं? अर्घ्य झालं का समुद्रात?"

"कुठलं अर्घ्य? इथे सूर्य उलटा. चाललोय दुसरीकडे."

"अगंबाई. तुमच्या अर्घ्यापायी सगळ्यांची वरात काढलीत?"

शरदिनीबाईंनी काहीतरी बोलून फोन ठेवला, पण ते त्यांना लागलं. तोंडाने ठसक्यात बोलल्या होत्या खऱ्या, मनातून आता चांगल्याच टरकल्या होत्या. तिकडेही गोटेच निघाले तर? पोराची वर्षाची सुट्टी आपल्या नेमापायी मातीत जायची. पुढे विश्वेश्वर आणि लतिका रस्त्यावरून धुसफुसत होती, मोहन दोनदा ओकला. शरदिनीबाई खिडकीबाहेर बघत बसल्या.

गाड्यांच्या रांगांत अडकत पोचायला आणि मग खोली शोधायला अंधार झाला, शेवटी एक बरी मिळाली. सकाळी त्या हळूच उठल्या तर मोहन जागा, त्याच्या आवाजाने बकुळ जागी, आणि मग सगळेच निघाले. किनाऱ्यावर एक म्हातारा वाळूवर दाताळं ओढत होता. छत्र्या मिटलेल्या. आणि समोर, पाण्याच्या बरोब्बर पलीकडच्या काठावर, तांबडं फुटलं होतं.

शरदिनीबाईंनी पदर खोचला आणि पाण्यात शिरल्या.

घाटावर वाढलेल्या बाईचा पाय पाण्यात आधी पुढची पायरी चाचपतो. पायरी संपली की खाली काही नाही, हे त्या पायाला लहानपणापासून माहीत असतं. शरदिनीबाई चाचपत राहिल्या, आणि खाली मऊ वाळू लागत राहिली. आणखी एक पाऊल, पुन्हा वाळू. पाणी गुडघ्याला आलं आणि तिथेच थांबलं. सूर्य वर आला. त्यांनी अर्घ्य दिलं, आणखी पुढे गेल्या.

"आई, बस झालं," काठावरून विश्वेश्वर ओरडला. "खोल असेल."

त्यांनी वळून पाहिलं. माणसं बोटाएवढी दिसत होती आणि पाणी अजून मांडीलाही पोचलं नव्हतं. शरदिनीबाईंना हसू फुटलं. भर समुद्रात एकट्या उभ्या राहून त्या खो खो हसल्या.

"अरे, हा संपतच नाही," त्या ओरडल्या. "या सगळे."

दाताळंवाल्या म्हाताऱ्याने लतिकेला काहीतरी सांगितलं. ती विश्वेश्वरला म्हणाली, "पार त्या दगडांच्या बांधापर्यंत असंच आहे म्हणे. इथली पोरं चालायला लागली की इथेच सोडतात."

विश्वेश्वरने मोहनला खांद्यावर घेतलं आणि धावतच पाण्यात आला. "तुला माहीत होतं, इकडे उथळ आहे म्हणून?"

"मला काय माहीत? मला सूर्य पाहिजे होता," शरदिनीबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आनंद काही चेहऱ्यावर मावेना.

बकुळ मात्र काठावरच होती. शरदिनीबाई परत आल्या, तिच्यापुढे हात धरला. पोरीने सूर्याकडे पाहिलं, आजीच्या ओल्या साडीकडे पाहिलं, मग खाली बसून बूट काढले. तिची बोटं आजीच्या हातात रुतली होती. घोट्यापर्यंत, पोटरीपर्यंत, गुडघ्यापर्यंत. प्रत्येक पावलाला ती थांबे, खाली बघे. मग एक छोटी लाट आली, पोरीच्या पोटावर फुटली. बकुळने श्वास रोखला. आणि हसली.

"आजी, सोड ना."

घाटावर शरदिनीबाईंनी कुणाच्या पोराचा हात पाण्यात सोडला नव्हता, विशूचासुद्धा नाही. बोटं उघडायला त्यांना जरा वेळ लागला.

बकुळ पाणी उडवत पुढे पळाली, पडली, उठली, पुन्हा पळाली. मागे वळून तिने पाहिलं नाही. शरदिनीबाईंनी हाक मारली नाही. हात तसाच पुढे धरून त्या पाण्यात उभ्या राहिल्या.