दहा हजार माणसांचं यान

सुषमाचं यान पुण्याला गेलं आणि तिथं पोचेस्तोवर त्याचा दुधाचा टँकर झाला.

म्हणजे झालं असं. पुण्यात कॉम्प्युटर गेमची चित्रं करणारा एक स्टुडिओ होता. त्यांना एक आर्टिस्ट हवा होता, आणि परीक्षा म्हणून त्यांनी सगळ्या उमेदवारांना एकच काम दिलं होतं. दहा हजार माणसं पृथ्वी सोडून दुसऱ्या ताऱ्याकडं कायमची राहायला निघालीत, त्यांचं यान काढा. सुषमानं जीव ओतून काढलं. त्यावर ईमेल आलं की यानाची घडण झकास आहे, पण ते केवढं आहे तेच कळत नाही, बघताना दुधाचा टँकर वाटतो. शनिवारी संध्याकाळपर्यंत सुधारून पाठवा, नाहीतर राहू द्या.

राहू द्या म्हणे! राहू द्यायला ती काय हौसेखातर बसली होती? शिरूरच्या एसटी स्टँडमागं सत्तार आर्ट्समध्ये तिनं वाढदिवसाचे फ्लेक्स करकरून बोटं झिजवली होती. दुकानाचे मालक सत्तारमामा मूळचे पेंटर, ट्रक आणि दुकानांच्या पाट्या रंगवणारे. फ्लेक्सची लाट आली तसा त्यांनी ब्रश खुंटीला टांगला, कॉम्प्युटर घेतला आणि तो चालवायला डीटीपी शिकलेली सुषमा ठेवली. ती डिझाइन करायची, सीडी पुण्याला छापायला जायची आणि गुंडाळलेला फ्लेक्स एसटीच्या टपावरून परत यायचा. गिऱ्हाईक नसलं की ती आपली यानं काढत बसायची, आणि मामा त्यावर कधी चकार शब्द बोलले नाहीत. पण पुण्याला दिवसभर यानंच काढायची होती, आणि वर त्याचा पगार! हे हुकलं असतं तर जन्मभर त्याच भाऊ, दादा आणि आप्पांचे वाढदिवस होते.

मग ती इरेला पेटली. यान मोठं दिसावं म्हणून तिनं त्याला नळ्या जोडल्या, दिवे लावले, खिडक्यांच्या रांगाच्या रांगा काढल्या. सत्तारमामांनी चष्मा कपाळावर चढवून बघितलं आणि हळूच म्हणाले की आता टँकर वाटत नाही, साखर कारखाना वाटतो. सुषमानं कपाळाला हात लावला. नळ्या काढल्या, दिवे कमी केले. तेवढ्यात तिची आई शेवंताबाई बाजारात मेथी विकायला आली होती, ती दुकानात पाणी प्यायला टेकली. लेकीच्या कामाचं तिला भारी कौतुक. बराच वेळ स्क्रीनकडं बघून तिनं मायेनं विचारलं, "बंब का गं हा? लई चकचकीत हाय."

हसावं का रडावं कळेना. टँकर झाला, कारखाना झाला, आता अंघोळीचा बंब. शनिवार उजाडला होता आणि यान काही मोठं व्हायला तयार नव्हतं.

त्यात दुपारी हौसराव आप्पा आले. हौसराव आप्पा म्हणजे सत्तार आर्ट्सचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. पांढरीफेक कपडे, डोक्याला टोपी, गळ्यात साखळी, आणि वर्षात एवढे फ्लेक्स की आप्पांचा चेहरा बघितल्याशिवाय शिरूरला शिरता येत नसे. बारसं कुणाचंही असो, उद्घाटन कशाचंही असो, फ्लेक्सवर आप्पा डोक्यापासून पायापर्यंत उभे आणि हात जोडलेले. फोटो बाकीच्यांपेक्षा मोठा हवा, हा त्यांचा नियम. एकदा सोसायटीच्या चेअरमनचा फोटो बोटभर मोठा झाला तर आप्पांनी लावलेला फ्लेक्स उतरवून नवीन करून घेतला होता. आता त्यांचा स्वतःचाच वाढदिवस तोंडावर आला होता.

स्क्रीनवर यान होतं. माळरानावर टेकलेलं, दार उघडं, दाराला लांबलचक उतार, मागं तांबूस आभाळ. आणि उजव्या बाजूला खालपासून वरपर्यंत मोकळी जागा. ती जागा सुषमानं मुद्दाम सोडली नव्हती. फ्लेक्स करून करून तिच्या हाताला वळणच लागलं होतं, उजवीकडं मोठ्या माणसाचा उभा फोटो बसेल एवढी जागा हात आपोआप सोडायचा. तिच्या ते ध्यानातसुद्धा आलं नव्हतं. आप्पांच्या मात्र दारातूनच आलं.

"हे झ्याक हाय," आप्पा खुर्ची ओढत म्हणाले. "मला हेच पायजे. जागा बी सोडलीय बघ माझ्यासाठी."

सुषमानं समजावून बघितलं की हे पुण्याचं काम आहे, फ्लेक्स नाही. पण आप्पांना नाही ऐकायची सवय नव्हती. एकदा लावून तर दाखव, म्हणाले. सत्तारमामा बिचारे दाराशी अवघडून उभे. आप्पा बिथरले तर दुकानाचं निम्मं काम गेलं, हे तिलाही ठाऊक होतं. तिनं दातओठ खात आप्पांचा कापून ठेवलेला फोटो उघडला आणि मोकळ्या जागेत टाकला.

आणि काय सांगायचं, यान पार खाली बसलं की हो! आप्पा हात जोडून उभे आणि त्यांच्या कोपराएवढं यान मागं पडलेलं. दुधाचा टँकर, अगदी हुबेहूब. आप्पा खूश झाले, म्हणाले आता शोभा आली. सुषमा मात्र स्क्रीनला डोळे लावून बसली. एवढे दिवस ती यानाला काय काय जोडत बसली होती, आणि इथं आप्पा नुसते शेजारी उभे राहिले तर यान एवढंसं झालं. मग आप्पाच एवढेसे झाले तर?

तिनं फोटोचा कोपरा धरला आणि आत ओढला. आप्पा निम्मे झाले, यान चढलं. आणखी ओढला. आप्पा वीतभर, मग बोटाएवढे. तिनं त्यांना उचलून उताराच्या पायथ्याशी नेऊन ठेवलं आणि अजून बारीक केलं, तिळाएवढं. आणि मघाचा तो टँकर, तो कारखाना, तो बंब असा काही उठला की तिनं खुर्ची मागं सरकवली. डोंगर होता तो. त्या दारातून अख्खं शिरूर बाजारासकट आत गेलं असतं. आनंदानं तिला ओरडावंसं वाटलं.

मग तिला आठवलं की आप्पा शेजारीच बसलेत.

आप्पा स्क्रीनवर स्वतःला हुडकत होते. सत्तारमामांनी मान खाली घातली होती. पण आता माघार घ्यायची सुषमाची तयारी नव्हती.

"आप्पा," ती म्हणाली, "दहा हजार माणसं पृथ्वी सोडून कायमची जायची हायेत यातनं. तुम्ही मोठे झाला की यान बारकं होतंय. तुम्ही जेवढे बारीक, तेवढं यान मोठं."

आप्पांनी नाक स्क्रीनला टेकेल इतकं वाकून बघितलं. उतारावरचा पांढरा तीळ त्यांना सापडला. मग त्यांची नजर तिथून वर गेली, दारापर्यंत, दाराच्या माथ्यापर्यंत, तिथून यानाच्या टोकापर्यंत, आणि टोपी सांभाळायला त्यांचा हात आपोआप डोक्यावर गेला.

"परत येत न्हाई म्हणती हे?"

"न्हाई आप्पा. गेलं ते गेलं."

"मग मोठंच पायजे," ते म्हणाले. "कर. अजून बारीक कर मला."

मग काय विचारता! सुषमाच्या अंगात वारं शिरलं. दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये आजवर फ्लेक्सवर चढलेलं सगळं शिरूर कापून ठेवलेलं होतं. सरपंच, चेअरमन, बँडवाले, बिनविरोध निवडून आलेल्या बाया, पैलवान, जावळाची पोरं. तिनं एकेकाला काढून तिळाएवढं केलं आणि उतारावर चालतं केलं. आप्पा शेजारी बसून नावं सांगायला लागले, ह्याला घे, त्याला घे, तो चेअरमन कुठं राहिला. चेअरमनलाही घेतलं. फक्त तो आपल्यापेक्षा बारीक होऊ नये, याच्यावर आप्पा डोळ्यांत तेल घालून होते. सत्तारमामांनी चहा मागवला आणि स्वतःचा एक जुना फोटो शोधून दिला, ब्रश हातात असलेला. शेवंताबाई मेथी विकून परत आली, तिनं स्क्रीन बघितला आणि हातातली पाटी खाली ठेवली. "अगं आई," ती म्हणाली, "केवढं हे!" बंबाचं नावसुद्धा काढलं नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत सुषमा सीडी घेऊन स्टँडसमोरच्या सायबर कॅफेकडं पळाली. चप्पल तुटली तर ती हातात घेऊन पळाली. फाइल जाता जात नव्हती, आणि स्क्रीनवरची पट्टी पुढं सरकेपर्यंत तिनं टेबलाची कड सोडली नाही. अखेर गेली एकदाची.

उत्तर आलं तेव्हा आप्पा आपला वाढदिवसाचा फ्लेक्स न्यायला दुकानात आले होते. सुषमा कॅफेतून आली ती उड्या मारतच. निवड झाली होती. पुढच्या महिन्यापासून पुण्याला. सत्तारमामांना हुंदका आला, तो त्यांनी खोकल्यात लपवला. मग ती दम खात सगळं सांगायला लागली. स्टुडिओच्या मुख्य बाईंनी लिहिलं होतं की चित्र उघडल्या उघडल्या छातीत धस्स झालं, एवढं अजस्र यान आजवर कुणी पाठवलं नव्हतं. आधी दारापाशी धूळ उडाल्यासारखं वाटलं. मोठं करून बघितलं तर ती माणसं होती, आणि जवळजवळ प्रत्येक माणूस पृथ्वीला हात जोडून निरोप घेत होता. ते बघून डोळ्यांत पाणी आलं. हे तुम्हाला सुचलं कसं, असं त्यांनी विचारलं होतं.

सुषमाला कुठलं सुचतंय! फ्लेक्सवरची माणसं हात जोडूनच उभी असतात. पण वाचताना तिच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, हे तिनं कबूल केलं.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग जरा आवाज खाली आणून विचारलं, "मी दिसलो का त्यांना?"

सुषमाला खोटं बोलावंसं वाटेना. "धुळीवानी दिसलात, आप्पा."

आप्पांनी फ्लेक्सची गुंडाळी खांद्यावर घेतली. दाराबाहेर त्यांना चेअरमन भेटले. त्यांचा हात धरून आप्पा रस्त्यात उभे राहिले आणि छाती फुगवून सांगायला लागले, "धुळीवानी दिसलो म्हणं मी. एवढं मोठं यान हाय ते."