लाळेसाठी उजेड

ताईची बोलती बंद झाली तेव्हा तिच्या ऑफिसातल्यांना आधी गंमतच वाटली. आयुष्यभर चौकशीच्या खिडकीमागे बसून जिनं लोकांना बोलून बोलून हैराण केलं, तिच्यावर ही वेळ यावी! गळ्यातल्या गाठीला किरणं दिली, गाठ गेली, आणि जाताना तोंडातली लाळही घेऊन गेली. जीभ टाळ्याला चिकटायची. एका वाक्याला दोन घोट पाणी लागायचं, तरी बाहेर पडायची ती नुसती खरखर.

घरात आंधळे, म्हातारे वडील. त्यांना रोज पेपर वाचून दाखवायची आणि त्यातल्या बातम्यांवरून त्यांच्याशीच भांडायची ती ताई. धाकट्या भावानं सोय काढली. "तू बोलूच नकोस. मी विचारतो, तू नुसती मान हलव." तू बरी होईपर्यंत बाबांना वृद्धाश्रमात ठेवू? मान हलली. बाबा तिकडे गेल्यावर पुढचा प्रश्न आला. फोनवर तुझी खरखर ऐकून ते घाबरतात, ही बाई कोण म्हणतात. तुझ्या नावानं हिनं रोज फोन केला तर चालेल ना? ही म्हणजे भावाची बायको, सासऱ्यांशी जन्मात कधी चार वाक्यं धड बोलली नव्हती. ताईला नको म्हणायचं होतं. पण नको म्हटलं की का ते सांगावं लागतं, आणि सांगण्याइतकी ओल तोंडात नव्हती. मान हलली.

मग एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी उजेडाचा उपचार सुचवला. काळा चष्मा लावून खुर्चीत बसायचं. तिथली मुलगी पेनासारखी दांडी गालांवर, कानांपुढे, जबड्याखाली टेकवून लाल उजेड सोडायची. दुखत काहीच नसे, म्हणून ताईचा विश्वासही बसत नसे. "लाळेच्या ग्रंथी अगदीच मेल्या नसतील तर जाग्या होतील. वचन देत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ताई नेमानं जात राहिली. तिला एवढंच बोलायचं होतं: बाबा, चला घरी.

एका सकाळी पावाचा तुकडा पाण्याशिवाय खाली उतरला. ती मोठ्यानं बोलून बघायला लागली, तर शब्द जिभेला न चिकटता मोकळे बाहेर आले. आवाज थोडा बसका होता, पण तिचाच होता. ती आनंदानं रडली आणि त्याच दिवशी वृद्धाश्रम गाठला.

बाबा खिडकीपाशी बसले होते, दाढी केलेले, खुशीत.

"बाबा, मी आलेय. चला घरी."

"कोण?"

"मी, ताई. तुमची लेक."

बाबा समजुतीनं हसले. "बाई, माझी लेक रोज फोन करते. आजारातून उठली आणि किती गोड झाली. आता उलटून एक शब्द बोलत नाही."

"ती मी नव्हे. ती तुमची सून."

"सून? तिला कुठली आलीय एवढी माया!"

ताईनं आईचं माहेर सांगितलं, पेपरवरून झालेली भांडणं सांगितली. बाबा ऐकत राहिले आणि म्हणाले, "माझ्या लेकीनं बरंच सांगितलेलं दिसतंय तुम्हाला."

तेवढ्यात फोन वाजला. सेविकेनं तो सुरू करून बाबांच्या हातात दिला. "बाबा, मी ताई. खाल्लंत का?" भावजयीचा आवाज खोलीभर पसरला. बाबांचा चेहरा फुलला, ताईसाठी इतकी वर्षं कधी फुलला नव्हता इतका.

"खाल्लं गं," बाबा म्हणाले. "इथं एक बाई आलीय, तुझं सोंग घेऊन. छे, त्रास कसला? बोलते मात्र छान."