बटणाचा डोळा

मी एक जुना ट्रे आहे, आणि त्याबद्दल मला कुणाचीही माफी मागायची नाही. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्यासारख्या वस्तूने आपली कहाणी सांगायला घेतली की लोकांना वाटतं, आता हा रडगाणं लावणार. मी रडणार नाही. माझ्या अंगावर ओरखडे आहेत, एका कोपऱ्यात इस्त्रीचा चटका आहे आणि माझ्या एका माशाला डोळ्याच्या जागी निळं बटण आहे. त्या बटणावरून या घरात एकदा चांगलीच जुंपली होती. तेच मला सांगायचं आहे.

मला घडवलं ते कोरीवकाम करणाऱ्या एका सुताराने. हाताचा पक्का, पण डोक्याने विसरभोळा. त्याने सागवानी फळीला चारी बाजूंनी बोटभर काठ लावला आणि दोन्ही टोकांना एकेक मासा कोरला. माशाच्या डोळ्यात तो पितळी खिळा ठोकायचा, आणि तोही अगदी शेवटी. माझ्या एका माशाला डोळा बसला आणि त्याला जेवायला हाक आली. जेवून आला तो मला तयार मालात ठेवून मोकळा झाला. एक मासा डोळस, दुसरा आंधळा! दुकानात गिऱ्हाइकं मला उचलायची, उलटसुलट करायची आणि नाक मुरडून परत ठेवायची. दोन वर्षं मी मागच्या फळीवर धूळ खात पडलो होतो. मी म्हणतो, ट्रेला डोळे हवेत कशाला? ट्रेने चार वस्तू धरून ठेवाव्यात, एवढंच त्याचं काम.

ते काम मला मिळालं एका शिवणकाम करणाऱ्या बाईंमुळे. त्या दुकानाच्या पडद्याचं माप घ्यायला आल्या होत्या. टाचण्या, खडू आणि टेप कुठे ठेवावी म्हणून इकडेतिकडे पाहिलं, मला ओढलं आणि सगळं माझ्यावर ठेवलं. काम झाल्यावर दुकानदाराला म्हणाल्या, "हा मी नेते. तुम्हाला नाहीतरी अडचणच आहे." दुकानदाराने सुटकेचा श्वास सोडला. मला तो अपमान अजून आठवतो, पण त्याच दिवशी माझं नशीब उघडलं.

सगळी गल्ली या बाईंना मावशी म्हणते, म्हणून मीही मावशीच म्हणतो. त्यांचं घर म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीशी शिवणयंत्र, त्याच्या उजवीकडे टेबल आणि टेबलावर मी. मी आलो त्याआधी त्या घरात रोज शोधाशोध चालायची. चष्मा डोक्यावर आणि शोध कपाटाखाली, किल्ली गादीत, सुई कुणाच्या तरी तळपायात. मी आलो आणि हा सगळा गोंधळ थांबला. किल्ली, चष्मा, सुयांची डबी, दोरे तोडायची छोटी कात्री, टेप, खडू, नखं कापायचं नेलकटर, सगळ्यांना माझ्यावर जागा मिळाली. पाहुणे आले की मला पुसायचं, त्यांच्यापुढे चहा न्यायचा आणि परत आणून कामाला लावायचं. मिरवायचंही आणि राबायचंही, असं आमचं चाललं होतं.

मावशींना एकच लेक. तिचं लाडाचं नाव ठकी. ठकी सात वर्षांची असताना तिने माझा आंधळा मासा पाहिला आणि तिचा जीव कळवळला. आईच्या डब्यातून तिने चार भोकांचं मोठं निळं बटण काढलं, डिंकाची अर्धी बाटली ओतली आणि माशाला डोळा दिला. मावशी आधी ओरडल्या, मग हसल्या, मग मजबूत गोंद आणून त्यांनी स्वतः ते बटण पक्कं केलं. डोळा बटबटीत दिसायचा, हे कबूल. पण दोन वर्षं ज्याला लोक आंधळा म्हणून टाकून गेले, त्याला विचारा बटणाची किंमत.

पुढे ठकी मोठी झाली, दुसऱ्या शहरात गेली. तिकडे घरसजावटीच्या एका मोठ्या दुकानात वस्तू मांडून दाखवायची नोकरी तिला मिळाली. तिच्या दुकानातही ट्रे असतात म्हणे. त्यांच्यावर एक मेणबत्ती, एक खोटं रोपटं आणि कुणी न वाचलेली दोन पुस्तकं. त्या मेणबत्तीला काडी लावायची नाही आणि पुस्तकाला हात लावायचा नाही! असल्या ट्रेंना माझा लांबूनच नमस्कार.

इकडे मावशींच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती टिकवायची तर रोज सकाळ-संध्याकाळ औषधाचे थेंब घाला, एक वेळही चुकवू नका. तरी नजर कमी होतच गेली. उजेड कळायचा, माणूस आल्याचं कळायचं, पण टेबलावरची सुई की काडी ते कळत नव्हतं. दुसरी कुणी असती तर यंत्रावर कापड टाकून बसली असती. मावशींनी मोठी कामं सोडली आणि काज-बटण, दुमड, चेन बदलणं तेवढं ठेवलं. आपला हात जगन्नाथ, म्हणाल्या आणि हातालाच बघायला शिकवलं.

तिथे माझी खरी गरज लागली. त्यांनी प्रत्येक वस्तूची जागा ठरवून टाकली आणि सगळा हिशोब बटणापासून मांडला. बटणाचा मासा आपल्याकडे. त्याच्या उजव्या कोपऱ्यात डोळ्यांचे थेंब. डावीकडे सुयांची डबी, मध्ये चष्मा आणि कात्री. पलीकडच्या टोकाला खिळ्याचा मासा, आणि तिथे डाव्या कोपऱ्यात मशीनच्या तेलाची बाटली. म्हणजे दोन बाटल्या तिरप्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत, एकमेकींपासून जितक्या लांब जाता येईल तितक्या लांब. दोन्ही सारख्याच, बोटाएवढ्या, टोकदार तोंडाच्या. टेबल पुसताना कधी मी उलटा फिरवला जायचो. पण मावशींचं बोट आधी काठावरून फिरे. बटण लागलं की हे अलीकडचं टोक. खिळा लागला की समजायचं, ट्रे फिरलाय, थेंब पलीकडे गेलेत. पाच वर्षांत एकदाही चूक झाली नाही. चांगले डोळे असलेल्यांनी हे करून दाखवावं, मग माझ्याशी बोलावं.

गेल्या वर्षी ठकी आठ दिवसांची रजा काढून आली. पहिल्याच संध्याकाळी तिने मनातलं सांगितलं. आईने आता एकटं राहू नये, तिच्याकडे यावं, यंत्र कुणाला तरी देऊन टाकावं. मावशी म्हणाल्या, माझं मला सापडतंय तोवर मी कुठे जात नाही. ठकी म्हणाली, बरं, आठ दिवस बघते. मनात मात्र तिने बॅग भरायला घेतली होती. पोरगी वाईट नव्हती हो. तिला खरंच भीती वाटत होती, आणि भ्यालेलं माणूस आवरायला लागतं.

तिने माळा आवरला, कपाट आवरलं, आणि सहाव्या दिवशी तिची नजर माझ्यावर पडली. आईच्या या जुन्या ट्रेला नवं रूप द्यावं, तेवढीच आईला खुशी, असं तिच्या मनात आलं. दुपारी मावशी झोपल्या होत्या. ठकीने मोबाइलवर माझा फोटो काढला, वस्तू उतरवल्या आणि मला गल्लीच्या टोकाच्या पॉलिशवाल्याकडे नेलं. त्याने मला पुसलं, चकचकीत केलं आणि बटणाकडे बोट दाखवून विचारलं, हे काय? ठकी लाजली. लहानपणीचा वेडेपणा, म्हणाली. त्याने पक्कडीने बटण उपटलं आणि तिथे पितळी खिळा ठोकला. इतक्या वर्षांनी माझे दोन्ही मासे सारखे झाले. तो म्हणाला, आता कसं, जोडी जमली. मी मनात म्हटलं, घात झाला.

घरी येऊन ठकीने फोटो समोर ठेवला आणि एकेक वस्तू जिथल्या तिथे मांडली. थेंब थेंबांच्या जागी, तेल तेलाच्या जागी. जागांमध्ये केसाएवढाही फरक नव्हता. फक्त बटण नव्हतं. मग ती दारात उभी राहिली, आई उठून बघेल आणि खूश होईल म्हणून.

मावशी उठल्या. औषधाची वेळ झाली होती. त्या टेबलाशी आल्या आणि त्यांचं बोट काठावरून फिरलं. बटण नाही. खिळा. त्यांच्या हाताने नेहमीचा विचार केला, ट्रे फिरलाय. हात माझ्यावरून पलीकडे गेला, तिरप्या समोरच्या कोपऱ्यातली बाटली उचलली, झाकण काढलं, मान मागे टाकली. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी गल्ली गोळा केली असती. वस्तूंना सगळं कळतं, पण ओरडता येत नाही, एवढंच आमचं दुखणं.

पहिला थेंब भुवईवर पडला. मावशींनी तो बोटाने टिपला आणि दोन बोटांमध्ये चोळला. तेलाचा बुळबुळीतपणा त्या बोटांना चाळीस वर्षांचा पाठ. वासाची गरजच पडली नाही. बाटली खाली आली आणि त्या मटकन स्टुलावर बसल्या. मी त्यांना घाबरलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

ठकी धावत आली. बाटली पाहिली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. रडत म्हणाली, "बघितलंस ना आई? आज मी इथे होते. उद्या कोण असेल? आता मी तुझं काही ऐकणार नाही." आणि ती खरंच आत जाऊन आईचे कपडे बॅगेत घालू लागली.

मावशींनी माझा काठ पुन्हा चाचपला. एक खिळा. मग दुसरं टोक. दुसरा खिळा. पुन्हा पहिलं टोक. तेव्हा त्यांचा श्वास जागेवर आला. त्या उठल्या, बाटलीला झाकण लावून ती परत तिच्या कोपऱ्यात ठेवली, मला तसंच दोन्ही हातांनी उचललं, आतल्या खोलीत नेलं आणि बॅगेवर ठेवलं.

"बटण कुठाय?"

ठकीला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती सांगू लागली, की आई, ते वाईट दिसत होतं, मी म्हटलं तुला आवडेल, वस्तू तर मी सगळ्या जागेवर ठेवल्या. बोलता बोलता तिचा आवाज खाली खाली गेला. मावशींनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, डोळे मीट. ठकीने मिटले. मावशींनी मला बॅगेवरच एकदा फिरवलं आणि सांगितलं, आता यातली थेंबांची बाटली दे. ठकीचं बोट काठावरून गेलं. खिळा लागला. दुसऱ्या टोकाला गेलं. खिळा. हात मध्येच थांबला. मग तिने एक बाटली उचलली आणि डोळे उघडले. ती तेलाची होती.

"माझी नजर गेली ती काचबिंदूने," मावशी म्हणाल्या. "आज मात्र मला आंधळं केलंस ते तू."

शब्द कडक होते आणि लागायचे तिथे लागले. ठकी तिथेच जमिनीवर बसून ढसाढसा रडली. मावशींनी तिला रडू दिलं. मग पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, की चूक माझीही आहे, पाच वर्षांत तुला हे सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, इतकं दिसेनासं झालंय का तुला.

ठकी पॉलिशवाल्याकडे ते बटण आणायला निघाली, तर मावशींनी तिला अडवलं. ते जुनं बटण काही सोन्याचं नाही, माझ्याकडे बटणांनी भरलेले तीन डबे आहेत, त्यातलं कुठलंही लाव, पण आत्ता लाव! ठकीने डबा उपडा केला आणि चार भोकांचं एक मोठं निळं बटण शोधून काढलंच. खिळा उपटताना नव्या पॉलिशवर लांबलचक ओरखडा उठला. गोंद जास्त झाला आणि बाजूने बाहेर आला. सात वर्षांची असताना जसं केलं होतं, अगदी तसंच. मग तिने डोळे मिटून स्वतः तीनदा थेंब शोधले आणि तीनदा सापडल्यावर आईच्या डोळ्यांत घातले.

दोन दिवसांनी ठकी गेली, एकटीच. जाताना तेलाच्या बाटलीला तिने जाड रबरबँड गुंडाळून दिला, म्हणजे चुकून हातात आली तरी बोटांना कळावं. तो सल्ला मावशींनी ऐकला. शहाणपणाची गोष्ट ऐकायला त्यांची ना कधीच नव्हती.

तर मित्रांनो, आपलं घर जरूर आवरा. किल्ल्या, चष्मे, औषधं यांना एक जागा द्या, माझ्यासारखा एखादा ट्रे द्या, सुंदर असला तर आणखी चांगलं. पण दुसऱ्याचं आवरायला जाल तेव्हा आधी त्याला विचारा. डोळ्यांना छान दिसतं ते नीटनेटकं नव्हे, ज्याच्या हाताला हवं ते सापडतं ते नीटनेटकं. मी अजून त्याच टेबलावर आहे, आणि शेजारी यंत्र चालू आहे. माझं बटण थोडं वाकडं बसलंय. ते सरळ करायला कुणी येऊ नये.