डोळे मिटून लावलेला गिअर

वस्तादाच्या बायकोच्या तोंडाला कुलूप नाही, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. सायकल दुरुस्तीच्या त्या अरुंद दुकानात काउंटरमागच्या स्टुलावर बसून ती दिवसभर बोलायची. पंक्चरपासून शेजारणीच्या सुनेपर्यंत कुठलाच विषय तिला वर्ज्य नव्हता. वस्ताद तिला ‘रेडिओ’ म्हणायचा. “रेडिओ, जरा आवाज कमी कर, गिअरचं ऐकू दे,” असं त्याने म्हटलं की ती तेवढ्यापुरती गप्प बसायची.

कारण वस्ताद गिअर कानाने लावायचा. सायकल स्टँडवर टांगलेली, एक हात पॅडलवर, दुसरा स्क्रूवर आणि डोळे घट्ट मिटलेले. डोळे फसवतात, चेन खोटं बोलत नाही, असं तो सांगायचा. माणसं हे बघायला थांबायची आणि तो थोडा फुशारायचाही. फुशारावं असंच काम होतं ते.

गेल्या थंडीपासून मात्र त्याचे कान गेले होते. पार बहिरा झाला नव्हता. तोंडासमोर उभं राहून बोललेलं कळायचं. पण बारीकसारीक आवाज गेले ते गेलेच. बायकोला हे कळलं ते एका सायकलीवरून. चेन कटकट करत होती आणि हा मिटल्या डोळ्यांनी हसत म्हणाला, “बघ, कसा लोण्यासारखा चालतोय!”

“हो, लोणीच,” ती म्हणाली. मग तो जेवून आडवा झाल्यावर तिने गुपचूप तो गिअर नीट केला. इतकी वर्षं गप्प बसून ऐकल्यामुळे तिचाही कान तयार झाला होता. तेव्हापासून रोज दुपारी तेच. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला बजावायची आणि स्क्रू ड्रायव्हर उचलायची.

त्या सकाळी शाळेत खेळ शिकवणाऱ्या बाई सायकल ढकलत आल्या. कोपर सोललेलं, विजारीला चिखल. डोंगरातल्या पायवाटेवर सायकल दगडावर आपटली होती आणि मागचा गिअर ज्या छोट्या पट्टीला लटकतो ती पट्टी आत वाकली होती.

“आत्ताच करून द्या,” बाई म्हणाल्या. “मुली पायथ्याशी ताटकळल्यात. लगेच परत चढायचंय.”

वस्तादाने पट्टी सरळ केली. लांब दांडा लावून, चाकाच्या कडेशी पुन्हा पुन्हा ताडून बघत, अगदी जीव ओतून. तोवर सगळं डोळ्यांचं काम होतं. मग त्याने डोळे मिटले आणि गिअर लावायला घेतला.

चेन सगळ्यात मोठ्या चक्रावर चढली आणि बायकोला ऐकू आलं. टिंग. टिंग. टिंग. गिअरचा दांडा चाकाच्या तारांना घासत होता. चढावर पॅडलवर अंगाचा सगळा भार पडला की तो दांडा सरळ तारांत घुसणार, चाक जागच्या जागी अडकणार, आणि बाई कुठे फेकल्या जातील ते दरीलाच माहीत.

“झालं,” वस्ताद म्हणाला.

“अहो, तुम्ही जेवून घ्या,” ती त्याच्यासमोर येत म्हणाली. “मी पुसून देते सायकल.”

“जेवण? आत्ताच तर नाश्ता केला!”

बाई पायरीपर्यंत पोचल्यासुद्धा होत्या. चारचौघांत नवऱ्याची लाज काढायची की एका बाईला दरीत जाऊ द्यायचं? तिने धावत जाऊन सीट धरली.

“थांबा.”

सायकल पुन्हा स्टँडवर चढली. तिने वस्तादाच्या खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला, पॅडल फिरवलं आणि स्क्रू अर्धा फेरा पिळला. टिंगटिंग थांबली.

“हो की!” बाई म्हणाल्या. “मघाशी वाजत होतं. मला वाटलं, तसंच असतं.”

बाई वस्तादाच्या समोरच होत्या. ते त्याला नेमकं ऐकू आलं. त्याने बायकोच्या हातून स्क्रू ड्रायव्हर घेतला, तो अर्धा फेरा उलटा सोडला, पॅडल फिरवलं आणि डोळे मिटले. बराच वेळ ऐकत राहिला. मग, त्या कामात आयुष्यात पहिल्यांदाच, त्याने डोळे उघडून पाहिलं. दांडा तारांना लागत होता. त्याने त्यावर बोट ठेवलं. प्रत्येक तारेचा धक्का बोटाला लागत होता.

त्याने स्क्रू पुन्हा पिळला, दांडा मोकळा झालेला नीट निरखून पाहिला आणि सायकल बाईंच्या हाती दिली. बाई लगबगीने निघून गेल्या.

“कधीपासून?” त्याने विचारलं.

“थंडीपासून,” ती खाली बघत पुटपुटली.

“मोठ्याने सांग.”

“थंडीपासून!” ती ओरडली. समोरच्या इस्त्रीवाल्याने मान वर केली. आपल्या आवाजाची इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती.

वस्ताद चिंधीला हात पुसत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे तू बोलत होतीस?”

“कधी?”

“रोज. तिथून, स्टुलावरून.”

“मग काय! माझं तोंड कधी बंद असतं का?”

तो खोक्यावर बसला. “मला वाटलं, तू माझ्याशी बोलणंच सोडलंस. जेवायला हाक मारतेस, तेवढंच. विचारणार होतो, पण म्हटलं, आपलंच काहीतरी चुकलं असेल.”

थंडीपासून त्याने एकदाही ‘आवाज कमी कर’ म्हटलं नव्हतं. दुकानातली प्रत्येक कटकट टिपणाऱ्या तिला ते आत्ता कळत होतं. मधले सगळे दिवस हा माणूस डोळे मिटून काम करत होता आणि मनातल्या मनात आपली चूक शोधत होता.

तिने स्टूल उचललं, काउंटरमागून ओढत त्याच्या शेजारी आणलं आणि त्याच्या कानाशी वाकून बसली. तोही मान कलती करून वाट बघत राहिला. पण तिला रडू आवरेना, आणि बोलायला काहीच सुचेना.