रविवारचे जज्जसाहेब

घड्याळकाकांनी मास्तरांची खुर्ची उचलून चौथऱ्यावर ठेवली, तिचा डुगडुगणारा पाय भिंतीकडे वळवला आणि तिच्यावर बसून होता होईल तेवढा गंभीर चेहरा केला. कोर्ट सुरू झालं.

पिंजरा म्हणून मुलांची दोन बाकं काटकोनात लावली होती. पिंजऱ्यात आत्या उभी होती. गल्लीत लहानथोर सगळे तिला आत्याच म्हणत, कारण भावाच्या ज्या मुलाला तिनं आपल्या हातांनी वाढवलं, तो तिला आत्या म्हणायचा. आता त्याच भाच्यानं तिच्यावर दावा लावला होता. वडिलांच्या मागं घर माझं झालं, आत्या इथं पाहुणी म्हणून राहत होती, तिनं मागची खोली खाली करावी, असं त्याचं म्हणणं. साठी उलटलेल्या आत्याला ती खोली सोडली तर डोकं टेकायला दुसरी जागा नव्हती. आणि उद्या खऱ्या कोर्टात तिची साक्ष होती.

"तर बाई," विरुद्ध बाजूचे वकील गरजले, "तुमचं लग्न झालं नाही, म्हणून भावानं दया करून तुम्हाला ठेवून घेतलं. खरं की खोटं?"

हे वकील म्हणजे बसचे निवृत्त कंडक्टर. उभा जन्म लोकांवर ओरडण्यात गेला होता आणि निवृत्तीनंतर तो गुण नुसता गंजत पडला होता. रविवारच्या या कोर्टानं त्याला पुन्हा धार लावली.

आत्यानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तसं नाही... म्हणजे वहिनी गेली तेव्हा मूल लहान होतं..."

"मोठ्यानं! मागच्या दारापर्यंत ऐकू गेलं पाहिजे!"

"कंडक्टर, ही बस नाही," धाकट्या वकीलबाई म्हणाल्या. आत्याची केस त्याच चालवत होत्या. "आणि आत्या, त्यांच्याकडे बघून घाबरायचंच नाही. प्रश्न कोणी का विचारेना, उत्तर जज्जसाहेबांना द्यायचं. त्यांच्याकडे बघून."

आत्यानं मान वळवून घड्याळकाकांकडे पाहिलं. काकांनी आपलं एकुलतं एक वाक्य म्हटलं.

"पुढे बोला."

आणि आत्या बोलू लागली. आधी चाचरत, मग हळूहळू सरळ. भाच्याला गोवर आला तेव्हा कारखान्यातली नोकरी कशी सोडली, ते तिनं सांगितलं. भाऊ अंथरुणाला खिळला तेव्हा त्याला कुशीवर कसं वळवावं लागे, तेही सांगितलं. बोलताना तिनं काकांच्या चेहऱ्यावरची नजर एकदाही काढली नाही. काका ऐकत होते. ऐकणं हे एक काम त्यांना येत होतं. घड्याळ दुरुस्त करणारा माणूस आधी कान लावतो, मगच पेचकस उचलतो.

हे कोर्ट त्यांच्या बायकोनं सुरू केलेलं. ती वकील, सगळं गाव तिला वकीलबाई म्हणे, आणि घरात काकाही. खरी केस असून माणसं हरतात ती दोनदा, असं ती म्हणायची. एकदा कोर्टाच्या पायऱ्या चढताना आणि एकदा पिंजऱ्यात तोंड उघडताना. पायऱ्यांसाठी तिनं फी न घेता केसेस घ्यायला सुरुवात केली. तोंडासाठी ही तालीम काढली. पहिली तालीम त्यांच्या स्वयंपाकघरात झाली. साक्षीदार एक म्हातारा कुंभार होता आणि पिंजरा म्हणून कपडे वाळत घालायचा लाकडी घोडा. कुंभाराला इतका घाम फुटला, की वकीलबाईंनी उलटतपासणी थांबवून त्याला आधी जेवायला वाढलं.

तेव्हा जज्ज कोणाला करायचं, हा प्रश्न आला. वकीलबाईंनी नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुम्ही बसा. काही करायचं नाही, नुसतं ऐकायचं. मधेच 'पुढे बोला' म्हणायचं. घरात तरी दुसरं काय करता?"

काका बसले ते बसलेच. स्वयंपाकघर पुरेना तेव्हा शाळेनं रविवारी एक वर्ग दिला. मग लोकांची रीघ लागली. विरुद्ध वकील वकीलबाई स्वतः व्हायच्या, आणि असे काही टोचरे प्रश्न काढायच्या, की काकांना खुर्चीवर बसल्या बसल्या बायकोची भीती वाटायची. पण उत्तर मात्र त्या कधी कोणाला शिकवत नसत. "इथं फक्त प्रश्न मिळतील," त्या बजावायच्या, "उत्तरं ज्यानं त्यानं घरून आणायची." तालीम संपली, की त्याच बाई पर्समधून खडीसाखर काढून साक्षीदाराच्या हातावर ठेवायच्या. ते रविवार आठवले की काकांना अजून त्या वर्गाचा वास येई, खडूचा आणि ओल्या फडक्याचा, आणि बायकोचा तो खणखणीत आवाज कानात वाजे. संसारात त्यांनी एकमेकांशी जेवढं बोलून घेतलं नसेल, तेवढी ती दोघं त्या वर्गात एकमेकांच्या समोर बसली होती. ते दिवस सुखाचे होते, हे तेव्हा मात्र कोणी सांगितलं नाही.

एकच सल होता. खऱ्या तारखेला वकीलबाईंनी नवऱ्याला कधी कोर्टात आत येऊ दिलं नाही. काका हौसेनं दुकान बंद करून जायचे, तिच्या फायली उचलायचे, पायऱ्या चढायचे. दाराशी आलं, की ती फायली काढून घ्यायची.

"तुम्ही बाहेरच थांबा."

एवढंच. कारण नाही, काही नाही. काका व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहायचे. आत काळ्या कोटांची ये-जा चाले. आपल्या बाहीला लागलेलं तेल, एक डोळा बारीक करून बघायची आपली सवय, शिक्षण बेताचं. चार शिकलेल्या माणसांत बायकोला आपली लाज वाटत असेल, असं त्यांनी आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं. विचारलं कधीच नाही. काही प्रश्न माणूस उत्तराच्या भीतीनंच झाकून ठेवतो. मग ती आजारी पडली, आणि पडली ती उठलीच नाही. त्याला आता दीड वर्ष झालं. तेव्हापासून काका दुकानातच रेंगाळत आणि अंधार पडला की नाइलाजानं घराकडे वळत.

"काका, उद्या तुम्ही याल ना?" पिंजऱ्याची बाकं सरकवता सरकवता आत्या विचारत होती. "तुम्ही समोर असलात तर मला बोलता येईल."

काकांनी धाकट्या वकीलबाईंकडे पाहिलं. ती पोरगी वकीलबाईंच्या हाताखाली तयार झालेली; पण नवऱ्याला बाहेर थांबवायची त्यांची रीत तिला कुठून माहीत असणार?

"या की, काका. बरंच होईल," ती म्हणाली.

तिच्या तोंडून ते ऐकताना काकांना लहान मुलासारखा आनंद झाला आणि लगेच अपराध्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते लग्नातला कोट घालून गेले. कोट पोटावर बसेना, म्हणून बटणं उघडीच ठेवली. शेजारी कंडक्टर. दाराशी आल्यावर काकांचे पाय आपोआप बाकाकडे वळले, तेव्हा कंडक्टरांनी त्यांच्या दंडाला धरलं.

"आत सरका, आत सरका. आत जागा आहे."

खोली त्यांच्या कल्पनेपेक्षा लहान निघाली. भिंतींचा रंग गेला होता, आणि घड्याळ चांगलंच मागं होतं. याच्यासाठी आपण इतकी वर्षं झुरलो, असं वाटून त्यांना थोडं हसूही आलं. ते मधल्या रांगेत बसले.

आत्याचं नाव पुकारलं गेलं. ती पिंजऱ्यात गेली आणि कठड्याला धरून उभी राहिली. भाच्याचे वकील तरुण होते, आवाज अगदी मऊ. कंडक्टरांच्या गर्जनेची तयारी करून आलेल्या आत्याला त्या मऊपणानंच गोंधळात टाकलं. तिची नजर भिरभिरली, खोलीभर फिरली आणि घड्याळकाकांवर येऊन थांबली. तिचा चेहरा निवळला.

"तुम्ही त्या घरात कधीपासून राहता?"

"जन्मापासून," आत्या काकांना म्हणाली.

"भावानं कधी तुम्हाला लिहून दिलं होतं, की ही खोली तुमची?"

"घरातल्या माणसाला कोणी लिहून देतं का?" आत्या काकांनाच म्हणाली.

पुढचा प्रश्न, पुढचं उत्तर. प्रत्येक वेळी तिची मान वळे ती थेट मधल्या रांगेकडे. काकांना पहिल्यांदा बरं वाटलं, मग अवघडल्यासारखं झालं. त्यांनी डोळ्यांनी खूण करून पाहिलं, की बाई, तिकडे बघ, वर बघ. आणि नेमकी तीच खूण वकिलांनी पाहिली.

"साहेब, साक्षीदाराला त्या गृहस्थांकडून इशारे होत आहेत. प्रत्येक उत्तराआधी ती त्यांच्याकडे बघते आहे. ही साक्ष पढवलेली आहे, याची नोंद व्हावी."

सगळ्या माना मागं वळल्या. धाकट्या वकीलबाई ताडकन उठल्या. पढवलेली साक्ष म्हणून एकदा शिक्का बसला, की आत्याच्या खऱ्या शब्दालाही कवडीची किंमत उरणार नव्हती. कोटासकट जमिनीत गडप व्हावं, असं काकांना वाटलं.

न्यायाधीशांनी चष्म्यावरून आत्याकडे पाहिलं. "बाई, ते कोण आहेत तुमचे?"

आत्यानं प्रामाणिकपणे सांगितलं.

"ते जज्जसाहेब आहेत."

खोलीत हशा पिकला. न्यायाधीश हसले नाहीत.

"मग मी कोण?"

"तुम्ही इथले. ते आमचे, रविवारचे." आत्याला हसण्याचं कारण कळेना. "शाळेत आम्ही बोलायची सवय करतो. बोलताना त्यांच्याकडे बघायचं असतं."

"आणि काय उत्तर द्यायचं, ते तेच शिकवतात?"

"ते कशाला शिकवतील?" आत्या म्हणाली. "ते काहीच बोलत नाहीत, साहेब. ते नुसतं ऐकून घेतात. माझं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेणारा मला दुसरा कोणी भेटला नाही, म्हणून सवय लागली."

आता कोणी हसलं नाही. न्यायाधीशांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"त्यांनी बाहेर बसावं," ते शांतपणे म्हणाले. "आणि बाई, तुम्ही इकडे बघा. मीही ऐकतो."

काका उठले. रांगेतल्या गुडघ्यांना अडखळत, माफी मागत ते दाराबाहेर आले आणि बाकावर बसले. बसल्या बसल्या हळूहळू एक गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरली. आजवर ज्या ज्या माणसाला वकीलबाईंनी पिंजऱ्यात उभं केलं, त्यातला प्रत्येक जण असाच वळला असता. कुंभार वळला असता, सगळे वळले असते. न्यायाधीश म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे एकच चेहरा होता, आणि तो बाहेर बाकावर बसवून ठेवण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं.

"अगं, मग सांगायचं नाही का एकदा तरी?" काका मोठ्यानं म्हणाले. येणारे-जाणारे बघू लागले. सांगितलं असतं, तर आपण दुसऱ्या रविवारी असे निवांत ऐकत बसलोच नसतो, बावचळून गेलो असतो, हेही त्यांना तेवढ्यातच कळलं. त्यांनी रुमाल काढला. खूप वर्षांची गाठ सुटली, की माणसाला आधी रडूच येतं.

आतून आत्याचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण आवाज थांबत नव्हता.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. कंडक्टर पुढे, मागून धाकट्या वकीलबाई, आणि मधे आत्या, दमलेली, पण ताठ.

"काका, अहो, शेवटी त्या भाच्याच्या वकिलानं काय विचारलं माहितेय?" कंडक्टर म्हणाले. "मलासुद्धा नसतं सुचलं. वकीलबाईंनीही कधी कोणाला विचारलेलं मी ऐकलं नाही."

"काय?"

आत्यानंच सांगितलं. "म्हणाला, आईवडील गेले, भाऊ गेला, भाचा तुमच्याशी बोलत नाही. त्या घरात आता तुमचं आहे तरी कोण?"

काकांच्या डोळ्यांपुढे आपल्या रिकाम्या घराचं दार आलं. "मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार?" आत्या त्यांच्या शेजारी बाकावर टेकली आणि पदरानं तोंड पुसू लागली. "म्हटलं, मी आहे की."

निकाल पुढे पंधरवड्यानं लागला, आणि खोली आत्याकडेच राहिली. पण घड्याळकाकांच्या लेखी तो त्या बाकावरच लागला होता. त्या दिवशी त्यांनी दुकान उघडलंच नाही. ऊन असतानाच ते घराकडे निघाले. घरी कोणीतरी आहे, आपण आहोत, हे दीड वर्षात त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.