खुराड्यातली मधली जाळी

माझ्या गंजलेल्या तारांकडे बघून नाक मुरडू नका, मित्रांनो. मी खुराड्यातली जुनी जाळी. दोन सुनांच्या सासऱ्यांनी मला स्वतःच्या हातांनी विणलं आणि लाकडी चौकटीत ठोकलं. माझ्या एका बाजूला कोंबड्या, दुसऱ्या बाजूला टर्की पक्षी. "कोंबड्यांच्या विष्ठेतून रोग पसरतो. त्यांना स्वतःला काही होत नाही, टर्की मात्र पटापट मरतात," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. दोन्हीकडचे झाडूसुद्धा त्यांनी वेगळे ठेवले होते. लोक वाखाणत आणि मी आणखी ताठ उभी राहत असे.

सासरे वारले. कोंबड्या धाकट्या सुनेच्या वाट्याला गेल्या, टर्की थोरलीच्या; खुराडं मात्र एकच राहिलं. थोरलीनं पिल्लांना हातानं भरवून वाढवलं. तिचा जीव त्यांच्यात अडकला होता. पुढे दोघी जावांचं कशावरून तरी बिनसलं, बोलणं तुटलं. मग घरादाराला मीच खुपू लागले. जणू त्या भांडणातूनच माझा जन्म झाला होता!

धाकटी आजारी पडली तेव्हा थोरली सगळा राग गिळून तिच्या उशाशी बसली. दोघी पोटभर रडल्या.

"ताई, झालं गेलं विसरा. ती मधली जाळी आधी काढून टाकू."

"काढ बाई. डोळ्यांसमोर नको ती मेली."

मला उपटून मागच्या भिंतीला टेकवलं. सगळे पक्षी एका जागी दाणे टिपू लागले आणि घरात हसणंबोलणं सुरू झालं. सासऱ्यांचे शब्द कुणालाच आठवले नाहीत. मला तर बोलायला तोंडच नव्हतं.

काही आठवड्यांत टर्की माना टाकून बसू लागल्या. पिवळी हगवण लागली आणि एकेक करून सगळ्या गेल्या. कोंबड्या ठणठणीत होत्या.

"तुझ्या कोंबड्यांना बरं काही झालं नाही गं?"

"म्हणजे मी विष घातलं म्हणता?"

 शेवटचं मेलेलं पाखरू पदरात घेऊन थोरली तिथून निघून गेली.

मग मला पुन्हा उचललं. वाटलं, आता तरी शहाणपण सुचलं. पण खुराड्याकडे कुणी वळलंच नाही. अंगणाचे दोन भाग करून मला दोघींच्या मधोमध ठोकलं.

मित्रांनो, कुणाला वेगळं ठेवलं म्हणजे वैर धरलं, असं नसतं. आड घातलेली वस्तू उपटण्याआधी ती कुणी, कशासाठी घातली, एवढं तरी विचारा. आता मी जिथे उभी आहे, तिथे माझं काही काम नाही. या दोघींना एकमेकींपासून कसलाच रोग होणार नव्हता.