पुढे ओढलेली सीट

आपल्या घरांत एक खोड असते. इतकी मायेची, की तिला खोड म्हणायला जीभ रेटत नाही. पाहुणे विचारतात, "आजी, चहा घेणार?" आणि उत्तर लेक देतो, "घेईल, पण बिनसाखरेचा." डॉक्टर विचारतात, कुठं दुखतंय, आणि सांगते सून. आजी तिथेच बसलेल्या असतात, भिंतीवरच्या फोटोसारख्या.

पाणीपुरवठा खात्यातल्या एका कारकुनाच्या घरी हेच चालायचं. माणूस तसा लाखात एक. वडील गेल्यापासून आईला तळहातावरच्या फोडासारखं जपायचा, इकडची काडी तिकडे करू द्यायचा नाही. आईही मुकाट बसून राहायची.

वडिलांच्या मागे शेडमध्ये एक जुनी फ्रेंच गाडी उरली होती. गोल पाठीची, बेडकाच्या डोळ्यांसारखे दिवे, आणि गिअरचा दांडा छत्रीच्या मुठीसारखा थेट डॅशबोर्डमधून बाहेर आलेला. कारकुनाला कळायला लागल्यापासून ती कधी शेडबाहेर पडली नव्हती. पण दर रविवारी वडील ती पुसत, म्हणून घरात तिला 'बाबांची गाडी' म्हणत.

बाबा गेल्यावर त्याने सुट्टीच्या दिवशी ती दुरुस्त करायला घेतली. आणि काय मन लावून केली! गंजलेला तळ बदलला, ब्रेक आणि वायरिंग नवं घातलं. विटलेला निळा रंग मात्र तसाच ठेवला, दाराचा पोचाही राहू दिला. "तिला नटवायची नाही. तिचं वय तिला शोभतं," म्हणायचा. इंजिन चालू करून बॉनेटला कान लावायचा. गाडीला काय हवं, काय नको, हे तो असं ऐकत ऐकत शिकला.

पुढे नव्या घरी जायची वेळ आली आणि तिथे गाडीला जागा नव्हती. विकायचं ठरलं. आईला आधी सांगायचं नाही, तिच्या जिवाला लागेल, असंही ठरलं. ठरवलं कुणी, ते सांगायला नकोच.

गाडी बघायला दाताचे एक डॉक्टर आले. गोल पोटाचे, हसरे गृहस्थ. त्यांनी वाकून तळ पाहिला, दारं उघडमीट केली, पोच्यावरून हात फिरवला. फार छान राखलीत, म्हणाले. मग चालकाच्या सीटवर बसायला गेले आणि पोट स्टीअरिंगला अडलं. सीट काही मागे सरकेना.

कारकून जरा अभिमानानेच म्हणाला की ती तिथेच बसते, रूळ पुढच्याच खाचेत झिजलाय, वरची शिवलेली उशीसुद्धा आपण काढली नाही.

"वडील ठेंगणे होते वाटतं?"

"छे हो, चांगले सहा फूट," तो म्हणाला, आणि त्याची नजर सीटच्या रुळावर गेली. त्या रुळाला त्याने किती वेळा वंगण लावलं होतं. सहा फुटी माणूस इथे बसला असता तर गुडघे हनुवटीला लागले असते.

"मग चालवायचं कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी," मागून आवाज आला. आई शेडच्या दारात उभी होती.

ती नर्स होती हे त्याला ठाऊक होतं. पण घरोघरी बाळंतपणं करायला ती याच गाडीने वेळी-अवेळी जायची, हे त्याने आज ऐकलं. बाबांना सायकलसुद्धा धड जमायची नाही. ते शेजारी टॉर्च धरून बसत. मग मोठं हॉस्पिटल झालं, घरची बाळंतपणं थांबली, गाडी बिघडली ती शेडमध्येच राहिली. बाबा पुसत होते ते तिची गाडी म्हणून.

"आई, मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तू बाबांची, बाबांची म्हणत इतक्या मायेने करत होतास. आणि खरं सांगू? मला कुणी विचारलंच नाही रे."

तो चाचरत म्हणाला, की तिला त्रास नको, म्हणूनच तर सगळं.

डॉक्टर हसले नाहीत. "अहो, माझ्याकडे पेशंटबरोबर मुलं येतात, सुना येतात. त्यांनाही काळजी असते. पण काढू का, हे मी ज्याचा दात त्यालाच विचारतो. काळजी जरूर घ्या, पण त्यांच्या वाटचं बोलू नका."

तुला आता जमणार नाही, हे कारकुनाच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून त्याने दार उघडलं. आई बसली. सीट तिला बेतून केल्यासारखी झाली, आणि हात न बघता गिअरच्या दांड्यावर गेला. मागच्या रिकाम्या मैदानात तिने गाडीची सावकाश फेरी मारली. डॉक्टर शेजारी, लेक मागे अंग चोरून. आई गुणगुणत होती. तिचं गुणगुणणं त्याने किती वर्षांत ऐकलं नव्हतं! त्याला रडू आलं.

गाडी थांबली. "बाई, विकायची का?" डॉक्टरांनी तिला विचारलं.

मागे बसलेल्या लेकाने मनातल्या मनात उत्तर देऊनही टाकलं. आता कसली विकते! काहीही करून जागा शोधू.

"विकायची," आई म्हणाली. "क्लच दाबताना गुडघा बोलतो माझा. आणि उभं राहायला का केलीय ती? मात्र चावी मी माझ्या हाताने देणार. उशी माझी, ती ठेवून घेणार. आणि सीट मागे घेऊ नका."

"नाही घेत. गाडी आमची बायको चालवते," डॉक्टर म्हणाले. "मी टॉर्च धरतो."

कारकून खजील झाला. आत्ता, या घडीलाही, तो तिच्या वतीने चुकीचंच उत्तर देऊन बसला होता!

घरात चहा ठेवला. सवयीने तो म्हणणार होता, आईला बिनसाखरेचा. थांबला. तिच्यासमोर जाऊन बसला.

"आई, साखर किती?"

"दोन चमचे," आई म्हणाली. "मला कुठं साखरेचं दुखणं आहे? साखर तुझ्या बाबांना वर्ज्य होती."

मंडळी, आपली माणसं आपल्याला पाठ झालीत असं आपण धरून चालतो. म्हातारपण म्हणजे मुकेपण नव्हे. जुन्या गाडीला जसा कान लावतो, तसा घरातल्या जुन्या माणसालाही लावावा. आज घरी गेलात की एकदा विचारा, आणि मग गप्प बसून उत्तर ऐका.